विहीणबाईंचा अभिप्राय

पनवेलमध्ये एखादं नाटक लागलं किंवा चार चित्रं भिंतीवर टांगली गेली आणि माझ्या विहीणबाईंनी ती पाहिली नाहीत, असं गेल्या बारा वर्षांत, मधले तीन महिने सोडले तर, झालेलं नाही. नाट्यगृहाचा पडदा ओढणारा माणूस कधीतरी रजा घेत असेल, विहीणबाई घेत नाहीत. वाचनालयाचा वरचा हॉल, शाळेचा रिकामा वर्ग, तलावाकाठचा मांडव, मॉलमधली सरकत्या जिन्याखालची जागा, जिथे म्हणून चित्रं लागतात तिथे त्या पोचतात. एकदा तर खांदा कॉलनीत फ्रेमवाल्याच्या दुकानात शिरल्या आणि तेच प्रदर्शन समजून तासभर फिरल्या. तिथे टांगलेले फोटो गिऱ्हाइकांच्या वारलेल्या माणसांचे होते. विहीणबाईंनी प्रत्येकाची चौकशी केली, हे कोण, कशाने गेले, मागे कोण आहे. फ्रेमवाला इतका खूश झाला की त्याने काउंटरखालचे आणखी चार मेलेले काढून दाखवले.

माझं यात काही काम नव्हतं. मी चौथी पास बाई, तीस वर्षं मसाले कुटून विकले, चित्र म्हणजे कॅलेंडरवरचं एवढंच मला ठाऊक. पण माझ्या धाकटीने यांच्या मुलाशी लग्न ठरवलं आणि मी मुलीकडची झाले. मुलाकडच्या विहिणीचा शब्द मुलीकडचीने मोडायचा नसतो. लग्नात त्या रुसतील म्हणून मी साडी वेगळी काढून ठेवली होती, एका भावजयीला नुसतं त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. विहीणबाई रुसल्याच नाहीत. पंगतीत माझ्याच शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाय, रविवारी नाटक हाय. तुमी येनार." मला वाटलं, हाच रुसवा आहे आणि तो असा काढायचा असतो. म्हणून गेले. तेव्हापासून जातेच आहे.

विहीणबाई मूळच्या जासईकडच्या. बापाचं मिठागर होतं. आता त्या जागेवर कंटेनर रचलेले आहेत आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, तिथेच ट्रेलर लावतो. त्या स्वतः रोडपालीला सातव्या मजल्यावर राहतात. लहानपणी गावातल्या नाटकात बायकांनी मागे, अंधारात बसायचं असा नियम होता, म्हणून आता त्यांना पहिलीच रांग लागते. दुसऱ्या रांगेचं तिकीट मिळालं तर त्या नाटकाला जातात, पण नाटकवाल्यांशी बोलत नाहीत. पहिल्या रांगेत असल्या की बोलतात. एका नाटकात सून चहात काहीतरी कालवते आणि सासरा कप उचलतो. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवं, पिऊ नका!" नटाने कप खाली ठेवला. त्याला स्वतःलाच कळलं नाही आपण का ठेवला ते. पण त्या प्रवेशात त्याला मरणं भाग होतं, त्यामुळे बिचाऱ्याला शेवटी साध्या पाण्याच्या ग्लासावर मरावं लागलं. नाटक संपल्यावर विहीणबाई आत गेल्या. सुनेचं काम करणारी मुलगी तोंडाचा रंग पुसत होती. तिला म्हणाल्या, "चेहरा कसा गरिबावानी हाय तुजा. मंग असली कामं कशापायी करतीस?" ती मुलगी त्यांच्या पाया पडली. मध्यंतरात त्या डबा उघडतात. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. एकदा मागच्या रांगेतला चष्मेवाला म्हणाला, "आजी, वास येतोय." विहीणबाई म्हणाल्या, "येनारच. घे." त्याने घेतली. पुढच्या नाटकाला तो आमच्या शेजारच्या खुर्चीवर होता आणि मध्यंतर होईपर्यंत घड्याळ बघत होता.

चित्रांच्या प्रदर्शनाला त्या हात हलवत जात नाहीत. त्यांचं म्हणणं असं की माणसाने आपल्या मनातलं भिंतीवर लावलं म्हणजे त्याने आपल्याला घरी बोलावलं. मग पहिल्यांदा घरी जाताना जे न्यायचं ते न्यायला हवं. चित्रकार बाई असेल तर नारळ आणि ब्लाउजपीस, बाप्या असेल तर नारळ आणि टॉवेल-टोपी. मुंबईहून एक चित्रकार आला होता, कानात डूल, केसांचा बुचडा, फाटकी पँट. त्याच्या चित्रांत नुसते रंगांचे पट्टे होते. विहीणबाईंनी त्याच्या हातात नारळ दिला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि बुचड्यावर पांढरी टोपी बसवली. तो संध्याकाळपर्यंत टोपी घालून फिरत होता. मग त्या एकेका पट्ट्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मी विचारलं, "काय दिसलं?" म्हणाल्या, "काय नाय. पन त्यानं किती वेल घालवला आसंल!"

आता मुद्द्याचं. प्रदर्शनात दाराशी एक वही ठेवलेली असते. पाहून झालं की माणसं त्यात अभिप्राय लिहितात. विहीणबाईंना लिहिता येत नव्हतं, फक्त सही येत होती. साक्षरतेचा वर्ग गावात आला तेव्हा सहीपर्यंत शिकल्या आणि मग वर्गच बंद पडला. म्हणून त्यांना मी हवी होते. माझं अक्षर चांगलं आहे, हे मी नाही म्हणत, शाळेत बाईंनी म्हटलं होतं. विहीणबाई सांगायच्या, मी लिहायचे, खाली त्या सही करायच्या.

त्या सांगायच्या ते असं: "लिवा. डोंगर लय बेस काडलाय. गाय तर घरी न्यावीशी वाटते. या पोराच्या हातांना माजा आशीर्वाद." मला हे लिहवेना. कारण मी ती गाय पाहिली होती. मी लिहायचे: "डोंगर बरा आहे. गाईचे पाय एकाच बाजूला आहेत. ती पडेल." खाली विहीणबाई एकेक अक्षर कोरून सही करायच्या आणि चित्रकाराकडे बघून तोंडभर हसायच्या. रंगांच्या पट्ट्यांना मी लिहिलं होतं, "रंग पुष्कळ लागला. काय आहे ते कळलं नाही." एका सूर्यास्ताला लिहिलं, "अंडं फुटल्यासारखा वाटतो." आयुष्यभर मिरचीत भेसळ केली नाही, आता म्हातारपणी वहीत कशाला करू, असा माझा हिशेब होता. दुसऱ्याच्या नावावर आपलं खपवणं हीसुद्धा भेसळच, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. बारा वर्षांत पनवेलच्या चित्रकारांमध्ये विहीणबाईंची अशी दहशत बसली की त्या दारात दिसल्या की पोरं धावत जाऊन फ्रेमा सरळ करायची. विहीणबाईंना वाटायचं, हा नारळाचा मान आहे.

मागच्या हिवाळ्यात वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये उरणकडच्या एका मुलीचं प्रदर्शन लागलं. पंचविशीची असेल. होड्या, जाळी, जुनी घरं अशी चित्रं होती, आणि शेवटच्या भिंतीवर एक मोठं चित्र, मिठागराचं. विहीणबाई त्याच्यासमोर थांबल्या त्या थांबल्याच. मी दोनदा सगळं बघून आले तरी त्या तिथेच. मग हळूच म्हणाल्या, "बारा वर्सं हेच शोदत होतो बाय मी. कोनी तरी काडलं आसंल म्हनून."

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं त्यांना नुसती हौस आहे.

चित्र चांगलं होतं. पाण्यात आभाळ होतं, मिठाचे ढीग होते, टोपल्या घेतलेल्या बायका होत्या. पण सगळ्यांच्या पायांत चपला होत्या. विहीणबाईंकडूनच मी कितीदा ऐकलं होतं की मिठाच्या वाफ्यात अनवाणीच उतरायचं. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेला असतो. चपलेने तो उखडतो आणि मिठात चिखल येतो. त्यांच्या बापाने एकदा चपला घालून उतरलेल्या पाहुण्याला टोपलीने मारलं होतं.

आम्ही वहीपाशी आलो. विहीणबाई म्हणाल्या, "लिवा. ही माजी जागा हाय. माजा बाप हितंच उबा आसायचा. चपलांचं काय नाय, पोरीनं मिठागर बगितलंय कुटं? ती जन्मायच्या आदीच बुजवलं. तरी तिनं काडलं. तिचं भलं होवो."

मी लिहिलं, "मिठागरात चपला घालून कोणी उतरत नाही. ही चूक आहे. माहीत नसेल तर काढू नये."

विहीणबाईंनी सही केली. नेहमीपेक्षा सावकाश केली. तेवढ्यात ती मुलगी आमच्यापाशी आली. तिने वही उचलली आणि वाचली, आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजी, तुमचं बरोबर आहे. पण 'काढू नये' असं नका ना म्हणू."

"मी आसं कवा म्हनलो?" विहीणबाई म्हणाल्या. "वाच बगू."

मुलीने मोठ्याने वाचलं. हॉलमध्ये आणखी दोघं-तिघं होते, तेही ऐकत उभे राहिले. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीच्या गालावरून हात फिरवला, "ते माजं नाय" एवढं म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

रिक्षा कळंबोलीला आली. मग त्यांनी विचारलं, "कवापासून?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं. खोटं बोलून काय करणार?

"तरीच ती पोरं मला बगून फ्रेमा सरल करतात," त्या म्हणाल्या, आणि रोडपालीला उतरल्या. 'वर या' म्हणाल्या नाहीत.

लग्नात राहिलेला रुसवा विहीणबाईंनी आता काढला. पूर्ण तीन महिने. नाटकं आली आणि गेली, त्या घराबाहेर पडल्या नाहीत. माझ्या धाकटीचा फोन आला, "आई, काय केलंस गं तू? रविवारी चार वाजले की साडी बदलतात आणि पुन्हा तीच जुनी नेसून बसतात." मी एकदा हट्टाने एकटी नाटकाला गेले. नाटकातला सासरा चोराला घराची किल्ली देत होता आणि अख्ख्या नाट्यगृहात कोणी त्याला एका शब्दाने अडवलं नाही. मध्यंतरात चष्मेवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि मग माझ्या पिशवीकडे. माझ्याकडे काही नव्हतं. दुसरा अंक न बघता मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन रोडपालीला गेले. सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद. दारात उभी राहून धाप टाकत म्हटलं, "विहीणबाई, चुकलं माझं. मला जे वाटलं ते माझ्या नावाने लिहायला हवं होतं."

त्यांनी नारळ हलवून पाहिला. पाणी आहे का ते बघत होत्या. म्हणाल्या, "बसा. आनि मला लिवायला शिकवा."

शिकवलं. नातीची वही घेतली, रोज दुपारी दोन तास. मी शिकवायला कडक आहे, आणि त्या शिकायला त्याहून हट्टी. जोडाक्षर आलं की म्हणायच्या, "हे दोन एका खाटंवर कशाला निजवलेत?" आणि दोन्ही वेगळी काढायच्या. त्या बोलतात तसंच लिहायच्या. मी एकदा खोडून दुरुस्त केलं, तर पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे तसंच पाहिलं, वाचनालयाचा जिना उतरण्याआधी पाहिलं होतं तसं. पुन्हा खोडलं नाही.

परवा त्याच उरणकडच्या मुलीचं प्रदर्शन कॉलेजच्या हॉलमध्ये लागलं. तिने फोन करून बोलावलं होतं. विहीणबाई सरळ शेवटच्या भिंतीकडे गेल्या. चित्र तेच होतं, पण चपला गेल्या होत्या. बायका अनवाणी होत्या आणि एकीच्या टाचेची भेगसुद्धा दिसत होती. विहीणबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी लिवलं ते कामाला आलं म्हनायचं."

"आलं. पण नाव माझं नव्हतं," मी म्हटलं.

"तवडंच," त्या म्हणाल्या.

वहीपाशी त्यांनी मला लांब उभं केलं. "बगायचं नाय." मी खिडकीपाशी गेले. त्या वाकून लिहीत होत्या, जीभ दातांत धरून, डाव्या हाताने ओळ झाकून. मागे माणसं खोळंबली होती. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "आजी, निबंध लिहिताय का?" त्यांनी मान वर केली नाही. पाव तास तरी गेला असेल. मग सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आता तुमी लिवा, तुमच्या नावानं. काय लिवायचं ते लिवा." आणि मुलीचा हात धरून पुन्हा चित्राकडे गेल्या.

मी बरंच ठरवून आले होते. आभाळ जरा जास्त निळं होतं आणि एका बाईची टोपली डोक्यावर नीट बसलेली नव्हती. ते लिहायला वही पुढे ओढली तर वरची ओळ दिसलीच. अक्षरं मोठी, चढउताराची, पण सुटी सुटी आणि स्पष्ट.

'आमी दोगी आलो. चितरं बगली. पाय बरोबर हायत.'

माणसं मागे उभी होती. मी पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, मग त्या ओळीखाली, त्यांच्या सहीच्या शेजारी, माझं नाव लिहिलं आणि बाजूला झाले.

जिन्यात विहीणबाईंनी विचारलं, "काय लिवलंत?"

"काही नाही."

"येवडा वेल?" त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून एकेक पायरी उतरायला लागल्या.