मॅडमची वसली अन् माही कांगडा आर्मी

सांगू का नको, असं करता करता दोन वर्षं गेले. पण चहा आलाच आहे, तर ऐका माह्या फजितीची गोष्ट. हसायचं असन तर खुशाल हसा. फक्त माह्या बायकोसमोर हा विषय काढू नका. ती सुरू झाली की तासभर थांबत नाही.

मी कापगते. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतो. वर केबिनमध्ये बसायचं अन् खालचं लाल तापलेलं लोखंड इकडून तिकडं न्यायचं. एवढं वजन दिवसभर हलवायचं अन् घरी आलो का बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक रंगवायचे! राक्षस, बुटके, हाडाचे सापळे, पंखवाले घोडे. हे सारे टेबलावर मांडायचे, मधात थर्माकोलचे डोंगर अन् पडके किल्ले ठेवायचे, फासे टाकायचे, टेपनं मोजून फौज पुढं सरकवायची अन् लढाई करायची. हो, वय त्रेचाळीस. हो, दोन पोरींचा बाप. झालं समाधान?

अख्ख्या भिलाईत हा खेळ खेळणारे माह्या माहितीत दोनच. एक मी, दुसरा साहू. साहू प्लांटात माह्याच शॉपमधला, म्हंजे खात्यातला, जवळच्या उतई गावाहून येते. बाकी कोणाले सांगायची सोय नाही.

माही बायको वर्षा या साऱ्याले 'खेळणे' म्हणे. पाहुणे आले का, "हे आत खेळणे रंगवून राहिले." मले किती लाज वाटे! शेवटी एक दिवस मी तिले समोर बसवलं.

"वर्षा, खेळणे नाही म्हणायचं. याले मिनिएचर पेंटिंग म्हणते. बोल."

"मिनिएचर पेंटिंग," ती बोलली.

"शाब्बास!"

हे शाब्बास मीच दिलं, बरं का. दुसऱ्या कोणाले दोष नाही.

झालं काय, आमच्या सेक्टरातल्या महिला मंडळाची बैठक होती. कोणाचा नवरा तबला वाजवते, कोणाचा गझल म्हणते, असं चाललं होतं. वर्षाची पाळी आली. ती ठसक्यात बोलली, "आमचे हे मिनिएचर पेंटिंग करतात."

तिथं बसल्या होत्या देशकर मॅडम. चित्रकलेच्या रिटायर्ड टीचर, वय बहात्तर, मंडळाच्या अध्यक्ष. त्यायच्यासमोर भलेभले अफसर उभे राहून बोलतात. त्या खुर्चीतून उठल्याच म्हणे! संध्याकाळी मले फोन.

"कापगते, तुम्ही मिनिएचर करता?"

"हो मॅडम. आठ वर्षं झाले."

"भिलाईत? आणि मला पत्ता नाही! कुठली शैली? कांगडा, बसोली, मेवाड?"

आता मले काय ठाऊक! मले वाटलं, आपल्या खेळातल्या नव्या आर्म्या निघाल्या असतील. आपण आठ वर्षांचे जुने खिलाडी, 'माहीत नाही' कसं म्हणायचं? जे पहिलं ऐकू आलं ते ठोकून दिलं.

"कांगडा, मॅडम."

"वा! राधाकृष्ण केलेत?"

"नाही. सध्या राक्षस करून राहिलो."

"अच्छा. रामायण मालिका! किती झालेत?"

"चाळीस. अन् हाडाचे सापळे वीस."

मग हळूच, "तंत्रसाधनेचा विषय दिसतो. धाडसी आहात. बरं, डोळे केव्हा काढता?"

"सगळ्यात शेवटी. तीन शून्याचा ब्रश, अन् श्वास रोखून."

"कापगते!" मॅडमचा आवाजच भरून आला. "माझे गुरुजी अगदी हेच सांगायचे."

तुम्हीच सांगा, आठ वर्षांत कोणी माह्या ब्रशची चौकशी केली होती का? माही छाती फुगली. मॅडम म्हणाल्या, रविवारी मंडळात प्रात्यक्षिक द्या. मी म्हटलं, देतो. त्या म्हणाल्या, तुम्ही फक्त रंग आणि तुमचं काम घेऊन या, वसली मी देईन. स्वतः करते, महिना लागतो.

फोन ठेवला अन् वर्षाले विचारलं, "मॅडम काय देणार म्हणे? वसली?"

"उसळ म्हणाल्या असतील. त्यायच्या हातची उसळ चांगली असते."

"उसळीले महिना लागते?"

वर्षानं बराच विचार केला. "मोड आणत असतील."

पटलं मले. तुम्हाले पटलं नसतं, पण मले पटलं!

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये साहूले धरलं. "साहू, ये कांगडा आर्मी कौन सी है बे?"

साहूले एवढुसंही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण तोही माह्यासारखाच. "कांगडा? अरे भैया, पहाड़ी आर्मी है. नई आई है. बहुत खतरनाक."

मोबाईलवर कावून नाही पाहिलं, असं विचारणार तुम्ही. पाहिलं ना! कांगडा लिहिलं अन् पहिला फोटो आला तो किल्ल्याचा. डोंगरावरचा किल्ला, खाली नदी. मी म्हटलं, बरोबर आहे! पहाडी आर्मी, पहाडी किल्ला. मग काय, चार दिवस ड्युटीवरून आलो का थर्माकोल कापत बसलो. बुरूज केले, भिंतीवर फेव्हिकॉल लावून रेती चिकटवली, भुसा हिरवा रंगवून गवत केलं. चाळीस राक्षसांच्या अंगावर पहाडी लोकांसारखे कांबळे रंगवले. एकेका कांबळ्यावर तीन पट्टे! खोटं वाटन, पण माह्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर काम होतं.

रविवार आला. वर्षानं ठेवणीतली साडी काढली. वाटेत तिनं मले दोनदा सांगतलं का जास्ती बोलू नका. स्कूटरवर ती मागं, तिच्या मांडीवर अख्खा कांगडा किल्ला.

हॉलमध्ये पन्नास-साठ बायका, काहींचे नवरेही धरून आणलेले. भिंतीवर बॅनर: 'मिनिएचर चित्रकला, कांगडा शैली. प्रात्यक्षिक: श्री. कापगते.' मॅडमनं मले शाल दिली, नारळ दिला. मी वर्षाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यात पाणी! लग्नाले सतरा वर्षं झाले, माह्याकडं पाहून डोळ्यात पाणी आधीही आलं होतं, पण ते वेगळं.

टेबल मस्त मांडलं होतं. मखमलीचं कापड, वर एक पाट, पाटावर एक जाडसर, गुळगुळीत, दुधाच्या सायीसारखा कागद. मले मॅडमचं भल्लं कौतुक वाटलं. टेबल खराब होऊ नये म्हणून बाईनं किती चांगला कागद अंथरला! घरी वर्षा जुना पेपर देते.

मी डबा उघडला, काळा रंग काढला, ब्रश बुडवला. रंग जास्ती झाला का आधी कागदावर पुसायचा असते, म्हणून सायीसारख्या कागदावर ब्रश पुसला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

हॉलमधून आवाज आला, "आऽऽ!"

मले वाटलं, इम्प्रेस होऊन राहिल्या. आणखी चार फटकारे मारले. मग लाल रंग. मग हिरवा. पहिल्या रांगेत देशकर मॅडमनं खुर्चीचे हात घट्ट धरले होते अन् त्यायचे ओठ हलून राहिले होते. शेवटी मी पिशवीतून किल्ला काढला, त्याच कागदावर ठेवला अन् बुरुजावर एक राक्षस उभा केला.

मागून एक बाई बोलली, "गणपतीचं डेकोरेशन आहे का वो हे?"

मॅडम उठल्या. टेबलाजवळ आल्या. राक्षस उचलला, चष्मा वर करून पाहिला, परत ठेवला.

"कापगते, हे काय आहे?"

"कांगडा, मॅडम."

"आणि तुम्ही ब्रश कशावर पुसलात?"

"कागदावर."

"ती वसली होती."

आता आली का पंचाईत! माह्या डोक्यात सगळं गोल फिरलं. मी कागदाकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, परत कागदाकडं पाहिलं अन् अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, हे उसळ आहे?"

त्यानंतर काय झालं, मले नीट आठवत नाही. एक बाई हसता हसता खुर्चीवरून घसरली, एवढं आठवते. वर्षानं पदर तोंडावर घेतला होता. एकट्या मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यायनं मले बाजूले बसवलं अन् लहान पोराले सांगावं तसं सांगतलं. मिनिएचर म्हंजे लघुचित्र. राजेरजवाड्यांच्या काळात कागदावर काढत ती बारीक चित्रं. कांगडा ही त्यातली एक पद्धत. अन् वसली म्हंजे त्या चित्राचा कागद. पातळ कागद एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, मग गुळगुळीत दगडानं रोज घासायचे, काचेसारखे होईपर्यंत.

"एका हाताचा सांधा दुखतो माझा," त्या म्हणाल्या. "म्हणून मला महिना लागला."

एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी घरी आलो, जेवण गेलं नाही. वर्षानं किल्ला उचलून आलमारीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटली अन् मी सरळ मॅडमच्या क्वार्टरवर गेलो.

"मॅडम, द्या तो दगड. मी घासतो."

"तुमच्यानं व्हायचं नाही."

"मॅडम, चित्राचं मले काही समजत नाही. पण हळू हात फिरवायचं समजते. कित्येक टनाचं लोखंड मी कप खाली ठेवावा तसं ठेवतो."

त्यायनं बराच वेळ माह्या हाताकडं पाहिलं अन् दगड दिला.

तीन आठवडे रोज गेलो. मी आणखी काही खराब करू नये म्हणून वर्षा राखण करायले सोबत येई. रिकामी बसते म्हणून मॅडमनं तिच्या हातात ब्रश दिला. अन् काय सांगू! जिनं आठ वर्षं माह्या राक्षसायले नाक मुरडलं, तिनं पहिल्याच आठवड्यात असं कमळ काढलं का मॅडमनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी इकडं दगड घासून राहिलो अन् तिकडं गुरु-शिष्येचं जमून गेलं. माह्याकडं कोणी पाहेच ना.

मागच्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन झालं. वर्षाचे तीन चित्र लागले. लोक रांगेनं पाहून राहिले. मी तिच्या बाजूले नवा शर्ट घालून उभा. मॅडम पाहुण्यायले ओळख करून देत होत्या, "ही वर्षा, माझी विद्यार्थिनी. आणि हे कापगते, कागदाचं सगळं काम यांचं."

मानानं मान ताठ झाली हो माही! एवढ्यात एक वयस्क गृहस्थ गर्दीतून माह्याकडं आले. चांगले सफारीतले. माहा हात हातात घेतला, बाजूले नेलं.

"भैया, कागज का काम आप ही करते हो ना?"

"जी हां," मी छाती पुढं काढून म्हटलं. "आपकी दुआ है."

"बड़ी मुश्किल से मिले. हमारे यहां दो साल के अखबार पड़े हैं, थोड़ा गत्ता भी है. तराजू लेकर कब आओगे?"

ते माह्याकडं एवढ्या आशेनं पाहून राहिले होते, अन् मॅडम मागंच उभ्या होत्या.

"रविवार को," मी म्हटलं, अन् पत्ता लिहून घेतला.