सच्या गप्प बसला तो दिवस

आमच्या चौघांकडे फोटो कमी आणि किस्से जास्त. कारण फोटो काढायचं काम मंदारकडे, आणि तो पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं! सिडनीत क्वेकर्स हिलला कुणाच्याही बॅकयार्डात बार्बेक्यू पेटला, की कणसं भाजून व्हायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ए, ते पेरूचं सांग ना." आम्हाला काय, तेवढंच हवं असतं.

आम्ही चौघं म्हणजे एकेकाळी एकाच भाड्याच्या घरात राहिलेले स्टुडंट, आता पीआर मिळून ऑस्ट्रेलियात कायमचे झालेले. मंदार आयटीत, रुपाली डार्विनला हॉस्पिटलात नर्स, मी रेल्वेच्या मेंटेनन्स डेपोत आणि सच्या काउन्सिलमध्ये सिव्हिल इंजिनीअर.

सच्या पुण्याचा. सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला. त्यामुळे रचलेला दगड दिसला की ह्याचं तोंड सुटलंच. 'मला माहीत नाही' हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. एकदा ब्लू माउंटन्सला एक रेंजर माहिती देत होता. सच्यानं त्याला इतक्या वेळा "अ‍ॅक्च्युअली, मेट" केलं, की शेवटी तो बिचारा आमच्या रांगेत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "यू गो अहेड!"

आणि सच्या गेला की पुढे!

*

तर पेरू देशातल्या कुस्को शहरातून एका दिवसाची टूर होती. इंकांचे अवशेष, मधली दोन-तीन गावं आणि संध्याकाळी परत. सकाळी निघताना हॉटेलवाल्या बाईंनी उंचीचा त्रास होऊ नये म्हणून कोकाच्या पानांचा चहा दिला. सगळे भुरके मारत पितायत आणि मी आपली कोमट पाणी घेऊन बसलेय. आमच्या डेपोत कधीही ड्रग टेस्ट होते, आणि तो चहा टेस्टमध्ये कोकेन म्हणून दिसतो म्हणे.

"अगं, एक कप घे," मंदार म्हणाला. "सांग बॉसला, संस्कृती होती."

मी साडेतीन हजार मीटरवर दिवसभर धापा टाकल्या, पण नोकरी शाबूत आहे!

*

आमची गाइड रोसा. पंचविशीची, तिथल्याच एका गावची. बसच्या शेवटच्या सीटवर एक जाडजूड गृहस्थ क्लिपबोर्ड घेऊन बसले होते. हसणं नाही, बोलणं नाही, नुसतं लिहिणं. मंदारनं त्यांचं लगेच बारसं केलं, 'क्लिपबोर्ड काका'.

पहिला थांबा चिंचेरो, विणकरांचं गाव. टॉयलेटच्या रांगेत रुपालीला दिसलं की रोसा घामाघूम होऊन काहीतरी पाठ करतेय. नर्सच ती, सोडते कसली! खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. रोसा दोन वर्षं स्पॅनिशमध्ये टूर करत होती. इंग्लिशमधला हा तिचा पहिलाच दिवस. काका कंपनीचे परीक्षक. पास झाली तर इंग्लिश बस कायमची तिची, नाहीतर परत ऑफिसात पावत्या फाडणं.

बसमध्ये येऊन रुपालीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे ट्रायल शिफ्ट!"

नोकरी द्यायच्या आधी फुकटात राबवून बघतात, ती. ट्रायल शिफ्ट म्हणजे काय हे आम्हा चौघांना कुणी सांगायला नको. ब्लॅकटाउनच्या एका बेकरीत मी चार तास ट्रे उचलले होते, आणि "वुई विल कॉल यू" ऐकून बसस्टॉपवर बसून रडले होते. मंदारनं तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या मांडीवर कॉफी सांडली होती.

रुपालीनं तिथल्या तिथे मराठीत फर्मान काढलं. "आज आपण जगातला सर्वात शहाणा ग्रुप. मंदार, तू वेळेवर. सगळ्यांनी मान डोलवायची. आणि सच्या..."

"काय?"

"तुझं तोंड आजच्या दिवस बंद. एक जरी 'अ‍ॅक्च्युअली' ऐकू आलं तर बघ!"

सच्या महिनाभर ह्या दिवसासाठी वाचत होता. त्यानं रोसाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

*

मंदारनं तर कमालच केली. प्रत्येक थांब्यावर हा पाच मिनिटं आधी बसपाशी हजर! तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा काकांनी आधी आमच्याकडे बघितलं, मग स्वतःचं घड्याळ कानाला लावून बघितलं.

रोसाचे विनोद पाठ केलेले होते. आम्ही तिघं खळखळून हसायचो. मंदारला उत्साह इतका, की एकदा विनोद संपायच्या आधीच हसला. रोसा गोंधळून थांबली.

"सॉरी," मंदार म्हणाला, "मला पुढचा अंदाज आला!"

*

पुढे मोराय म्हणून एक ठिकाण आहे, तिथे जमिनीत खोल उतरत गेलेल्या गोल गोल पायऱ्यांची शेतं आहेत. बघून छाती दडपते. रोसा माहिती सांगत होती आणि सच्याचा चेहरा लाल होत चालला. लाल, मग जांभळा. घामही फुटला.

रुपालीनं झटकन त्याची नाडी धरली. "उंची लागली ह्याला. थांब, ऑक्सिजन मागवते."

"ऑक्सिजन नको गं," सच्या दातओठ खात मराठीत कुजबुजला, "ती दोनशे वर्षं चुकलीये!"

रुपालीनं त्याच्या तोंडात चॉकलेट कोंबलं. गडी चघळत राहिला, पण बोलला नाही. खरं सांगते, मला तेव्हाच त्याचा अभिमान वाटला होता.

*

शेवटचा थांबा ओयांतायतांबो. दोन-अडीचशे पायऱ्या चढून गेलं की वर सहा प्रचंड शिळा उभ्या. खाण नदीपलीकडच्या डोंगरावर. एवढे दगड मधली नदी ओलांडून आणले कसे? सच्या ज्याच्यासाठी पेरूला आला होता ते हेच.

रोसानं सुरुवात केली, "हे दगड त्या डोंगरावरून..." आणि थांबली. शब्दच सापडेना. पुन्हा म्हणाली, "त्या डोंगरावरून..." डोळ्यांत पाणी. काकांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि सच्यानं हात वर केला.

मेलो आम्ही! मला वाटलं, झालं, आता हा अर्धा तास घेणार आणि पोरीची नोकरी जाणार. रुपालीनं त्याचं जॅकेट मागून धरलं.

"मॅडम," सच्या अगदी बावळट चेहऱ्यानं म्हणाला, "मला कळत नाहीये. दगड पलीकडच्या काठावर आणून ठेवला आणि नदीच त्याच्या मागून वळवली, असं तर कुणी करणार नाही ना?"

रोसाचा चेहरा उजळला. "करणार नाही? त्यांनी तेच केलं, असं सांगतात!" आणि जी सुटली! उतार, दोर, माणसं, सगळं हातवारे करून सांगितलं. वाटेत सोडून दिलेल्या शिळांना तिची आजी 'थकलेले दगड' म्हणते, हेही सांगितलं. आसपासचे दुसऱ्या ग्रुपचे लोक येऊन उभे राहिले. शेवटी टाळ्या पडल्या, आणि ह्या वेळी आम्ही नाटक करत नव्हतो.

काका सरळ सच्यासमोर आले. दिवसभरात पहिल्यांदाच बोलले.

"सर, मला शंका आहे. तुम्हाला हे सगळं आधीच माहीत होतं. तुम्ही तिला मदत करताय."

आम्ही तिघांनी सच्याकडे पाहिलं.

"नाही सर," सच्या म्हणाला. "मला काहीही माहीत नव्हतं. जे कळलं ते ह्यांच्यामुळे."

काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं. मग क्लिपबोर्डावर सही केली आणि रोसाला म्हणाले, "सोमवारपासून इंग्लिश बस तुझी."

रोसा रुपालीच्या गळ्यात पडली. काकांनी बॅगेतून शाळेच्या मुलांसाठी छापलेलं एक चित्रांचं पुस्तक काढलं आणि सच्याच्या हातात दिलं.

"इतक्या लांब येताना," ते म्हणाले, "माणसानं थोडं तरी वाचून यावं."

सच्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

"नो वरीज, सर," तो म्हणाला. "आजच वाचतो."