सावंतांचं न घेतलेलं विमान

बहारीनमध्ये नवा मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "गाव कुठलं?" सावंत मात्र विचारायचे, "कॅनबेरा विमान बघितलंय का कधी?" समोरचा गोंधळून नाही म्हणाला की त्यांचा चेहरा खुलायचा. "मग इल्यूशिन अठ्ठावीस तर ठाऊकच नसेल," असं म्हणत ते खुर्ची पुढे ओढत, आणि त्या बिचाऱ्याची सगळी दुपार सावंतांच्या ताब्यात जाई. त्याचं गाव कुठलं हे विचारायचं त्यांना निघताना, चपला घालता घालता आठवायचं.

हूरा नावाच्या वस्तीत आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो आणि सावंत खालच्या खोलीत. मूळचे कुडाळकडचे. हवाई दलात त्यांनी कॅनबेरा बॉम्बरवर फिटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर इथल्या विमानतळाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये आले. आमचे हेही तिथंच कामाला. सावंतांची बायको आणि मुलगी गावाला, त्यामुळे दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला येत. उंच, खांद्यात जरा वाकलेले, शर्टाची वरची गुंडी भर उन्हाळ्यातही लावलेली. नखांतलं तेल जात नाही म्हणून बेसिनपाशी इतका वेळ हात चोळत की इकडे आमटी निवून जाई. माणूस सज्जन, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. पण टेबलावर भरली भेंडी दिसली की मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायची.

कारण भेंडी म्हणजे विमानाचं धड. "वयनी, ह्यां बघा," म्हणून ते एक लांबलचक भेंडी निवडून ताटात आडवी ठेवत. दोन्ही बाजूंना दोन चमचे, हे पंख. मागे तिरकी मिरची, हे शेपूट. "पंख सरळसोट, शेपूट मात्र मागं कललेलं. तीच तिची ओळख." मग भेंडीची चीर दोन बोटांनी उघडत. "रशियनांनी हिचं अख्खं अंग असं मधोमध उभं चिरलेलं ठेवलं. एका अर्ध्यात तारा, दुसऱ्या अर्ध्यात नळ्या, सगळं उघड्यावर निवांत बसवायचं आणि मग दोन्ही अर्धे मिटवून बोल्ट मारायचे. आम्ही कॅनबेराच्या पोटात हात घालून घालून कोपरं सोलवटून घेतली हो!" तोवर माझा खोबऱ्याचा मसाला त्यांच्या ताटभर झालेला असे. शेवटी भेंडीच्या टोकाशी ते एक शेंगदाणा खोचत. हा शेपटीतला बंदूकवाला, मागे तोंड करून एकटाच बसणारा.

गंमत अशी की सावंतांनी हे विमान उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पन्नासच्या दशकात रशियानं ते आपल्याला देऊ केलं होतं आणि आपण इंग्रजांचं कॅनबेरा घेतलं, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. ते सांगत मात्र लग्न ठरवल्यासारखं. "स्थळ सांगून आलं होतं, वयनी. मुलगी धट्टीकट्टी, कामाला वाघ, नखरा नाही. आपल्या लोकांनी विलायतेची केली." मी एकदा विचारलं, "मग तुमचा संसार कॅनबेराशी झाला, सवतीचं एवढं कौतुक कशाला?" ते गंभीरपणे म्हणाले, "जिच्याबरोबर संसार झाला तिचं सगळं पाठ असतं. जी घरात आलीच नाही तिचा विचार सुटत नाही." हे कुडाळच्या वहिनींना कळवू का म्हटल्यावर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि मुकाट्यानं भेंडी खाऊन टाकली.

पण सांगायची हातोटी होती, हे कबूल करायलाच हवं. युद्ध संपलं तेव्हा रशियनांकडे बॉम्बरला पुरेल असं जेट इंजिन नव्हतं. इंग्रजांकडे होतं. "यांनी मागितलं आणि त्यांनी चक्क विकलं! रशियनांनी ते खोललं, मापं घेतली आणि डिट्टो आपलं बनवलं. जीव विलायतेचा, अंग रशियाचं." स्पर्धेत दुसऱ्या एका नामांकित कारागिराचं तीन इंजिनांचं विमान होतं, ते मागे पडलं आणि हे दोन इंजिनांचं साधंसुधं पुढे गेलं. मे महिन्याच्या परेडला मॉस्कोवरून ओळीनं उडालं. मग त्याची वरात चीन, इंडोनेशिया, इजिप्त अशी देशोदेशी फिरली. क्यूबात पोचलेली बहुतेक तर पेट्यांतून बाहेरही आली नाहीत, अमेरिकेनं डोळे वटारल्यावर तशीच परत गेली. हे सगळं ऐकताना आमचे हेसुद्धा जेवायचे थांबत, आणि यांना जेवताना थांबवणं सोपं नाही.

या कथेत एक हमखास हशाची जागा होती. सुएझच्या लढाईत इजिप्तची ही विमानं दूर दक्षिणेला लक्सरला नेऊन ठेवली होती, आणि तिथं शत्रूच्या विमानांनी ती जमिनीवर उभीच्या उभी जाळली. इथं सावंत शेंगदाण्याकडे बोट दाखवत. "आणि हा पठ्ठ्या शेपटीत बंदुका घेऊन काय करत होता? चहा पीत होता!" सगळे हसत. मीही हसायची. इतक्या वेळा ऐकूनही हसायची.

चौऱ्याण्णवच्या सुमाराला सावंतांच्या मागे एक काळजी लागली. साठीला टेकलेल्या माणसांचे व्हिसा कंपनी वाढवेनाशी झाली होती. मुलीचं नर्सिंग अजून पुरं व्हायचं होतं आणि त्यांना आणखी दोन वर्षं राहायचं होतं. शिफारस करणार होते त्यांचे वरिष्ठ नबीलसाहेब. साहेब इजिप्तचे, स्टोअरचे मुख्य, अबोल गृहस्थ. कामापुरतं बोलत आणि बोलून झालं की चष्मा पुसत. आमच्या यांना वाटलं, एकदा घरी जेवायला बोलवावं, जरा ओळख वाढेल. मी म्हटलं, बोलवा, पण सावंतांना आधी सांगून ठेवा, आज विमान नको. सावंतांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

शुक्रवारची नमाज आटोपून नबीलसाहेब आले. भेंडी मी मुद्दाम केली नव्हती. पण सौजन्य म्हणून साहेबांनी विचारलं, "मिस्टर सावंत, एअर फोर्समध्ये कुठलं विमान?" झालं. सावंतांनी कॅनबेरा म्हटलं, आणि कॅनबेरा म्हटल्यावर दुसरं आपोआप आलं. भेंडी नव्हती तर पडवळाचा तुकडा घेतला. इंग्रजी, हिंदी आणि वर्कशॉपमधलं अरबी यांची खिचडी करत त्यांनी सगळा इतिहास मांडला. मी स्वयंपाकघरातून डोळे मोठे करत होते, पण सावंत तोवर लक्सरला पोचले होते. समोर इजिप्तचा माणूस बसलाय याचं भानच त्यांना राहिलं नव्हतं. "अँड धिस मॅन, साहेब? ड्रिंकिंग टी! शाय, शाय!" आणि स्वतःच खो खो हसले.

नेमकी तेव्हाच मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले होते.

कुणी हसलं नाही. नबीलसाहेबांनी हात पुढे करून पडवळाच्या टोकाचा शेंगदाणा उचलला आणि अलगद ताटाच्या काठावर ठेवला. म्हणाले, "हा मी."

मग त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. घरी बायको, सामिया, वाट बघत असेल, असं काहीसं बोलून ते उठले, माझे आभार मानले आणि चहा न घेताच गेले. सावंत दारापर्यंत मागोमाग गेले.

शनिवारी कामावर गेले तर नबीलसाहेब रजेवर. रविवारीही रजेवर. सावंतांना जेवण जाईना. संध्याकाळी जिन्यात भेटले तर ओळखू येईनात. "माझा चुकला, वयनी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून सलग मालवणी फक्त दुःखात निघे. "माझा तोंडच वायट." मी म्हटलं, व्हिसाचं काय व्हायचं ते होईल. ते चिडले. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. "व्हिसा गेला खड्ड्यात. मी त्या माणसाला त्याच्या तोंडावर हसलो हो!" तेव्हा मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच्या तसा वाटतो. मी त्यांना सांगितलं की माफी मागायची तर घरी जाऊन मागा, आम्ही बरोबर येतो.

गावाहून आलेलं गुळाचं खाजं त्यांनी डब्यात भरलं आणि त्याच संध्याकाळी आम्ही तिघं पुलापलीकडे बुसैतीनला, साहेबांच्या घरी गेलो. गाडीत ते माफीचं इंग्रजी पाठ करत होते. दार सामियाबाईंनी उघडलं. आत माणसंच माणसं. कैरोहून दोन्ही मुलगे आले होते आणि साहेबांची रजा त्यासाठीच होती. सावंतांनी डबा पुढे केला आणि पाठ केलेलं सगळं विसरले. "साहेब, आय टॉक टू मच. आय ॲम व्हेरी बॅड मॅन," एवढंच त्यांना जमलं.

नबीलसाहेबांनी त्यांचा दंड धरला आणि मुलांकडे वळून अरबीत काहीतरी जोरात बोलले. मग आम्हाला इंग्रजीत म्हणाले, "मी यांना सांगतोय, हाच तो माणूस! मी आज उद्या फोन करणारच होतो. आयुष्यभर मी घरात त्या विमानाच्या गोष्टी सांगतो आणि यांना वाटतं म्हातारा थापा मारतो. सावंत, तू सांग. पहिल्यापासून सांग. इंजिनापासून." त्या दिवशी उठून का गेलात, असं यांनी भीत भीत विचारलं. "परक्या घरी रडायचं नव्हतं," साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांत माझ्या विमानाचं शेपूट कुणी इतकं बरोबर काढलं नव्हतं."

सामियाबाईंनी काकडी आणून दिली. सावंतांनी चाचपडत सुरुवात केली, पण इंजिनापर्यंत आल्यावर आवाज लागला. मुलगे पुढे सरकून ऐकू लागले. लक्सर आलं आणि सावंत थांबले. काकडी त्यांनी साहेबांच्या पुढे सरकवली. पुढचं साहेबांनी सांगितलं.

"आम्ही लांब उभे होतो. विमानाजवळ जायचं नाही असा हुकूम होता. माझं विमान पेटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आत माझा स्वेटर लटकत होता, आईनं विणलेला, कारण शेपटीत थंडी फार. पायलटला आणि नेव्हिगेटरला संकटात बाहेर फेकणारी खुर्ची होती. मला नव्हती. मला खालच्या झडपेतून स्वतःच उडी मारायची. मी रोज त्या झडपेची कडी तपासायचो. त्या दिवशी विमान जळत होतं आणि मी उन्हात उभा होतो. लोक सांगतात, विमानं जळाली. पुस्तकंही तेच सांगतात. आत कुणी नव्हतं, हे कुणी सांगत नाही. आम्ही तिघंही जिवंत होतो. देश रडत होता आणि मला आतून हायसं वाटत होतं. ते मी आजवर बोललो नव्हतो."

धाकट्या मुलानं उठून बापाच्या डोक्याचं चुंबन घेतलं. सावंत रडत होते, त्यामुळे मलाही रडायला मोकळीक मिळाली. खाजं सगळ्यांना आवडलं. निघताना दारात नबीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे सावंत, तुझी दोन वर्षं मंजूर झाली. परवा तेच सांगायला आलो होतो. तू विमान काढलंस आणि राहूनच गेलं. मालेश, चालायचंच!" हे ऐकून आमचे हे इतके मोठ्यानं हसले की शेजारचं दार उघडलं.

गाडीत मला वाटलं, सावंत आता व्हिसाबद्दल काही बोलतील. पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "वयनी, एवढी वर्षं त्या विमानाचा एकेक बोल्ट सांगितला मी. आतल्या माणसाचं काय झालं, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही." त्या दिवसापासून चहाचा विनोद गेला. पुढे शुक्रवारी जेवायला दोघं येऊ लागले. सावंत सांगायचे आणि साहेब दुरुस्त करायचे, आणि माझ्या मसाल्याची नासाडी दुप्पट झाली.

शहाण्णवला मुलगी नर्स झाली आणि सावंत गावी गेले. दोन वर्षांनी तिचाच फोन आला. छातीत कळ येऊन ते गेले होते. यांनी स्पीकर चालू ठेवून नबीलसाहेबांना फोन लावला आणि बातमी सांगितली. मग साहेबांनी विचारलं, "शेवटी तो एकटा नव्हता ना?"

"नाही. बायको जवळ होती. मुलीनं हात धरला होता."

"अल्हमदुलिल्लाह," साहेबांनी देवाचे आभार मानले. त्यांनी सोडलेला श्वास टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मलाही ऐकू आला. त्यानंतर ते रडले.