हेमंतने हात दिला का?

आमच्या वैशाखरे गावचा हेमंत नेमकं काय काम करतो, हे गावात कुणाला धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं डॉक्टर आहे, कुणी म्हणतं फोटो काढतो. तो कल्याणच्या एका मोठ्या रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनचा टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला किरणांच्या औषधाची सुई टोचायची, ते हाडांत मुरेपर्यंत दोन-तीन तास बसवून ठेवायचं आणि मग मशिनखाली निजवून चित्र घ्यायचं. जिथे दुखण्याने हाड धरलंय तिथे औषध जास्त साठतं, चित्रात काळा डाग उमटतो. डाग सगळ्यांत आधी दिसतो हेमंतला, आणि सांगायची मुभा त्यालाच नाही. सांगणार डॉक्टर, तेही रिपोर्ट झाल्यावर.

आमच्या मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही, म्हणून तो लोकलच्या वाटेवर वाशिंदला खोली घेऊन राहतो. मी गावात इको गाडी चालवतो. आमच्या पट्ट्यातले पेशंट त्याच्याकडे नेणारा मीच.

सुई टोचली की काही वेळ माणसाच्या अंगातूनच किरणं बाहेर पडत राहतात. एखाद्या दिवशी जवळ बसलं तर बिघडत नाही, पण हेमंतचं हे रोजचं. म्हणून तो काचेमागे बसतो आणि माइकवरून बोलतो. छातीवर एक बिल्ला असतो, अंगात किती किरणं गेली ते मोजणारा. पण चित्र वाईट आलं की या गड्याला राहवत नसे. बाहेर यायचा, पेशंटला हात धरून टेबलावरून उतरवायचा, वाकून चपला पायांपुढे सरकवायचा. बोलायचा काही नाही.

त्याला वाटे, कुणाला कळत नाही. आमच्या बायकांच्या नजरेतून काही सुटतं होय? वरच्या आळीतल्या यमाजीला त्याने हात दिला, यमाजीला पुढची दिवाळी दिसली नाही. आणखी एक-दोघांचं तसंच झालं. मग माझी गाडी गावात शिरली की रिपोर्टची चौकशी कुणी करीना. बायका एवढंच विचारायच्या, हेमंतने हात दिला का?

हेमंतला हे कळलं ते गावातल्या जनाकाकीचा स्कॅन झाला तेव्हा. तो टेबलाजवळ गेला तशी ती अंग चोरून म्हणाली, "हात नको लावू रे. माझी मी उतरते." मग त्याने युक्ती काढली. बरं असो, वाईट असो, सरसकट सगळ्यांना हात द्यायचा. पुढे बिल्ल्याचा आकडा चढून आला आणि वरिष्ठांनी बोलावून झापलं. आगीतून फुफाट्यात. आता काचेमागून उठायचंच नाही, असं त्याने मला शपथेवर सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत एका म्हाताऱ्याला धरून उतरवताना मी त्याला पाहिलं. स्वभावाला औषध नाही.

गिरजाकाकी हेमंतची आई. तिचं छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती आणि यंदा तिची कंबर धरली. भातलावणीत वाकून धरली असेल, असं हेमंत म्हणत राहिला, आणि मीही हो ला हो केलं. डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला. हेमंतने दुसऱ्या टेक्नॉलॉजिस्टला सांगून ठेवलं होतं, पण काकी हटून बसली. पोटचा पोरगा असताना परका कशाला, म्हणाली.

तिच्यासोबत मला आत बसू दिलं. मशिन डोक्यापासून पायांपर्यंत सरकत गेलं. मग माइकवर आवाज आला, "झालं आये. सावकाश उतर." काकी तशीच पडून काचेकडे बघत राहिली. तो उठला नाही. शेवटी मी पुढे झालो, तर तिने माझा हात बाजूला सारला आणि टेबलाची कड धरून एकटीच उतरली. माझा जीव भांड्यात पडला. हात दिला नाही म्हणजे सुटलो.

हेमंत सुट्टी घेऊन आमच्याबरोबर निघाला. तो माझ्या शेजारी बसला, काकी मागे. मुरबाड गेलं. सरळगाव मागे पडलं तेव्हा काकीने तोंड उघडलं.

"यमाजीला हात दिलास. जनीला द्यायला गेलास. मला नाय दिलास."

मी हसून म्हटलं, काकी, नाय दिला तेच बरं, आनंद माना.

"तू गाडी बघ," ती म्हणाली. "चांगलं असतं तर माझा पोरगा धावत आला असता."

हेमंत समोरच्या रस्त्याकडे बघत होता. तो नाही म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. टोकावड्यापर्यंत पाहिली. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची कीव आली. सगळ्या तालुक्याला हात देणाऱ्या माणसाने आईच्या वेळी तो गुंडाळून ठेवला होता, तिला कळू नये म्हणून, आणि तिला तेवढ्यानेच कळलं होतं.

गाडी अंगणात थांबली. शेजारच्या बायका ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. हेमंत उतरला, मागचं दार सरकवलं आणि त्याने हात पुढे केला. काकीने तो दोन्ही हातांनी धरला आणि ती खाली उतरली. वाकून त्याने तिच्या चपला पायांपुढे सरकवल्या.

बायकांनी ते पाहिलं. त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही. त्यांतली एक उठून आत गेली आणि तिने चहा ठेवला.