माझं मौन आणि ह्यांची तलफ

मैत्रिणींनो, आज दुपारचं कुणाला सांगू कळेना, म्हणून इथं लिहिते.

ह्यांची तंबाखू सुटावी म्हणून मी श्रावणापासून स्वामींपुढं मौन धरलंय. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत एक शब्द बोलत नाही.

मेंदू आणि व्यसनावर संशोधन करणाऱ्या एका बाईंनी ह्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप घालून दिलंय. तलफ आली की बटण दाबायचं. आज बाई घरी आल्या आणि ह्यांना विचारून त्यांनी मलाही तक्ता दाखवला. दिवसभर तुरळक ठिपके, संध्याकाळी मात्र नुसती गर्दी.

"काका, त्या वेळेला घरात काय असतं?"

हे हसले. "काय न्हाय की. पोरं पुण्याला. ही देवापुढं गप. मी काय भिंतीसंगं बोलू व्हय?"

"माणूस एकटं पडलं की तलफ जोर धरते, मावशी," बाई हळूच म्हणाल्या.

मला वाटायचं, त्या दोन तासांत एकटी मीच असते.

आता दिवा लावायची वेळ झालीय. हे बाहेर पायरीवर बसलेत, डबी हातात आहे. मौन मोडलं तर स्वामी रागावतील का हो? आणि मोडलं तरी, इतक्या दिवसांनी ह्या वेळेला ह्यांच्याशी पहिलं काय बोलायचं?