मधूच्या रायफलीचा तिसरा बार

चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ झालं. राजेशने रायफल खाली केली, मागे वळला आणि नळीमागचा बोल्ट उघडायला हात घातला. नळी फिरत फिरत त्याच्या आत्याच्या पोटावर आली.

“हात काढ. नळी डोंगराकडे. मी सांगेपर्यंत तसाच उभा राहा,” मी बांधावरून ओरडलो.

त्याने ऐकलं. बहुधा माझा आवाज त्याने कधी चढलेला ऐकला नव्हता म्हणून.

जव्हारहून दाभोशाकडे जाताना मधूचं शेत लागतं. त्या दिवशी त्याचं तेरावं होतं. मधू माझा चाळीस वर्षांचा मित्र. मी पोलीस खात्यात आर्मरर होतो, म्हणजे शिपायांची हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सकाळी मधूच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. जेवणं झाली की राजेश पणजोबांची रायफल उडवणार आहे, नानांनी त्याला चढवलंय, तुमचं तरी ऐकेल. नवरा गेला, आता मुलाचे डोळे जायला नकोत, एवढंच त्या म्हणाल्या. प्रवासी जीप उशिरा भरली. मी पोचलो तेव्हा पंगत उठली होती आणि सगळे पातेऱ्याच्या ढिगावर उष्ट्या पत्रावळी टाकून खाचराच्या कडेला तमाशा बघायला उभे होते.

रायफल मधूच्या आजोबांची. ते संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीला होते, तिथून बक्षीस मिळालेली. ते गेले तेव्हा संस्थानच्या शिपायाने तीन बार काढले होते. मधूच्या वडिलांच्या वेळी कुणी काढले नाहीत. म्हणजे घडलं ते एकदाच. पण नाना, मधूचे धाकटे भाऊ, त्याला परंपरा म्हणत होते. मी बरीच पुस्तकं वाचतो. एकदाच घडलेल्या गोष्टीला परंपरा म्हटलेलं अजून कुठे वाचलं नाही.

परवाना मधूच्या नावावर होता. परवानाधारक गेला की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. तेरा दिवस ते कपाटात होतं. राजेश ठाणे शहरात नोकरी करतो, शिकलेला आहे. त्याने त्याआधी एकही गोळी झाडली नव्हती. मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते.

आता त्या ‘टक्’विषयी. गोळीच्या बुडाशी प्रायमर असतो. त्यावर पिन आपटली की ठिणगी पडते, ठिणगीने आतली दारू पेटते. जुन्या गोळीत कधी कधी ती पेटायला वेळ लागतो. चाप ओढल्यावर काही क्षणांनीही बार होऊ शकतो, आणि त्या वेळी तुम्ही बोल्ट उघडलेला असेल तर तो तुमच्या तोंडावर होतो. म्हणून थांबायचं.

नाना थांबायला तयार नव्हते. “पोलिसांच्या बंदुका मुहूर्त बघून उडतात वाटतं,” ते पाहुण्यांना म्हणाले. पाहुणे हसले.

पुरेसा वेळ गेल्यावर मी राजेशला बोल्ट उघडू दिला आणि रायफल खाली ठेव म्हणालो. बांध उतरून मी त्याच्यापर्यंत जाईतो नानांनी दुसरी गोळी त्याच्या हातात दिली होती. ती त्याने झाडली. आवाज आला ‘फुस्स’, सायकलची हवा गेल्यासारखा. आधीचं ‘टक्’ही धरून नानांनी जाहीर केलं, दुसरा बार झाला. राजेशने त्या गोळीची पुंगळी बाहेर काढली आणि तिसरी गोळी आत सारली.

मी बोल्टवर हात ठेवला.

“काका, एकच राहिलाय,” राजेश म्हणाला.

“दुसऱ्या गोळीची शिशाची टोपी समोर कुठे पडलेली बघितलीस?”

“ती दिसते का कुठे? लांब गेली असेल.”

“लांब नाही गेली. काढ ती गोळी. मग दाखवतो.”

त्याने वहिनींकडे बघितलं आणि गोळी काढली. दुसरी पुंगळी मी उचलून हातावर उलटी केली. आतून शेवयांसारख्या काड्या पडल्या. त्या काळी दारू अशीच असे. एकही नीट पेटलेली नव्हती. शेत कसणारा शिवराम जवळ उभा होता. त्याला बांबूची बारीक सरळ कामटी तासून आणायला सांगितली. बोल्ट बाहेर काढून ठेवला आणि कामटी नळीच्या तोंडातून आत घातली. ती अर्ध्यावर अडली. बाहेर काढून नळीवर धरली. दुसऱ्या गोळीची टोपी मधोमध रुतून बसली होती. तिच्या मागून तिसरी गेली असती, तर तिला वाट नव्हती. नळी फाटली असती, राजेशच्या तोंडासमोर.

राजेशने कामटी माझ्याकडून घेतली आणि स्वतः घालून बघितली. मग पुन्हा एकदा. मग तो बांधावर बसला.

“पूर्वीच्या गोळ्या अशा नव्हत्या,” नाना म्हणाले.

“ह्या पूर्वीच्याच हायेत ना, नाना,” शिवराम म्हणाला. “दर दसऱ्याला मधूभाऊ त्यांना तेल पाजायचे. पोट बिघडलं असंल.”

लोक हसले. मी नाही हसलो. मधू गोळ्या ठेवायचा तो पेढ्यांचा पितळी डबा मी मागवला. उरलेल्या गोळ्यांच्या बुडाशी हळदकुंकवाचा चिकट थर होता. खोबरेल. प्रायमरच्या कडेने तेल आत झिरपतं, ठिणगी मारतं, दारू भिजवतं. आर्मररच्या प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात हे शिकवतात: गोळीला तेलाचा हात लावायचा नाही.

आणि दर दसऱ्याला मी मधूकडे जात होतो. पाटावर रायफल, शेजारी गोळ्यांची रांग, मधू सोवळं नेसून एकेका गोळीवर बोटाने तेल सोडतोय. मी आपट्याची पानं हातात घेऊन समोर बसायचो आणि पुस्तकांवर बोलायचो. नाना मूर्ख होते, राजेश यातला अडाणी. त्या गोळ्या निकामी होताना दर वर्षी बघणारा, पगारी जाणकार मी होतो.

नानांनी तिसऱ्या बाराऐवजी सुतळी बॉम्ब सुचवला. वहिनी एवढंच म्हणाल्या, “नाना, हात धुवा आणि घरी जा.”

त्याच दुपारी राजेश आणि मी रायफल जव्हारला ठाण्यात घेऊन गेलो. अंमलदाराने उशिराचं कारण विचारलं. राजेशने खोटं सांगायला सुरुवात केली, मग थांबला आणि खरं सांगितलं. अंमलदाराने वर न बघता लिहिलं, ‘रायफल एक, नळी बंद.’

घरात जुन्या गोळ्या सापडल्या तर त्यांची पूजा करू नका, त्या झाडूही नका. पोलिसांत द्या. आणि घरी येणारा जाणकार मित्र गप्प बसला असेल, तर सगळं ठीक आहे असं समजू नका. तो भिडेखातर गप्प असतो.