सासऱ्यांचं नाव

आमच्या घरात एक वार नाही. डोळखांबच्या पुढे पाड्यावर लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूने बजावलं की तो वार तोंडातून काढायचा नाही. सासऱ्यांचं नाव त्या वारावरून ठेवलेलं होतं, आणि आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. म्हणून त्या वाराला आम्ही दोघी ‘बाजाराचा आदला दिवस’ म्हणायचो. मी मुरबाडकडची, बारावी झालेली. मला हसू यायचं, पण म्हणायचे तसंच.

दगडाच्या खाणीवर सुरुंगांच्या आवाजाने सासऱ्यांचे कान गेले होते. सासूची त्यामुळे मोठी पंचाईत व्हायची. नावाने हाक मारायची सोय नाही, आणि ‘आयकलं का’ म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. मग ती बांधावर उभी राहून ताटावर पळी बडवायची. सगळा पाडा मान वर करून बघायचा, एक सासरे सोडून. माझं लग्न झालं त्याच वर्षी ते गेले.

माझी पहिली मुलगी बारशाआधीच गेली. तिला नाव नव्हतं. रडताना मला काय म्हणून रडायचं तेही कळेना. पोटचं मूल गेलं आणि हाक मारायला शब्द नाही, असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दुसरी मुलगी झाली तीही अशक्तच. दवाखान्यातून घरी आणली आणि पाचवीच्या दिवशी पाड्यावरच्या म्हाताऱ्या सुईणीने तांदूळ टाकले. भांड्यातल्या पाण्यात दोन दोन दाणे सोडायचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची. ज्याच्या नावाला दाणे एकमेकांना चिकटतात, तो माणूस बाळाच्या रूपाने परत आला असं धरतात, आणि त्याचंच नाव बाळाला देतात. मुलगी असली तर थोडं बदलून. सुईणीने सासऱ्यांचं नाव घेतलं तशी सासूने मान फिरवली. मी भांड्यात बघत होते. दाणे चिकटले.

माझं डोकं फिरलं. मी मोबाइलवर बघून एक नाव काढून ठेवलं होतं, नाजूकसं.

“माझ्याच पोरीला मी हाक मारायची नाही?” मी म्हटलं. “मग मी आई कसली?”

“हाक नाय मारता आली तर काय झाला?” सासू म्हणाली. “मी जल्मभर ताट वाजवला. तू बी वाजव.”

“मी नाही हे नाव ठेवणार.”

“तो आलाय गो. त्याला नाव नाय दिला तर तो थांबायचा नाय. पयली कशी गेली?”

हे ती बोलली. त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं.

पण चार दिवसांत पोरीने दूध ओढायचं सोडलं. आधी रडायची, मग रडणंही बंद झालं. तिचं ते गप्प राहणं मी पहिलीच्या वेळी पाहिलं होतं. जीप करून आम्ही दोघी तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन आलो. डॉक्टरांनी तपासलं, नळी लावली, काचेच्या पेटीत ठेवलं आणि ठाण्याला हलवायला लागेल म्हणाले. अँब्युलन्स दुसरा पेशंट सोडून परत येत होती. तोवर थांबायचं होतं.

पेटीपाशी उभी राहून मी पोरीची छाती वरखाली होताना बघत होते. मध्येच ती थांबल्यासारखी वाटायची आणि मी काचेला कपाळ टेकवून बघायचे. बारावीत शिकलेलं सगळं त्या पेटीबाहेर राहिलं. मी सासूला म्हटलं, “आई, ठेवा ते नाव. आत्ता ठेवा.”

आता ठेवणार कोण? नाव ठेवायचा मान आत्याचा. नणंद किन्हवलीहून निघाली होती. तिचा फोन आला की एसटी शेणव्याला बंद पडलीय, दुसरी गाडी बघते. फोनवरूनच नाव घे म्हणेपर्यंत रेंज गेली. नवऱ्याला लावला, तर तो भिवंडीला गोडाऊनमध्ये. तिथे मोबाइल गेटवरच काढून घेतात. नुसती रिंग जात राहिली.

नर्सने बोलता बोलता विचारलं, “नाव काय ठेवलंय बाळाचं?” मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वारावर बोट ठेवलं. तिला वाटलं मी तारीख विचारते. तिने तारीख सांगितली आणि गेली. तिलाच हाक मारायला सांगावी का, असं मी सासूला विचारलं. ती म्हणाली, “परकी ती. आपल्या घरच्या बाईच्या तोंडून पायजे.”

घरच्या बायका आम्ही दोघीच होतो, आणि दोघींच्याही तोंडाला कुलूप.

पोरीचे ओठ काळसर दिसायला लागले. नर्स धावली, डॉक्टरांना बोलवायला गेली. मी पेटीच्या भोकातून हात आत घातला, भोकाशी तोंड नेलं आणि सासऱ्यांचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. कुजबुजल्यासारखं निघालं. पुन्हा घेतलं. सासू मागे उभी होती. आता ही मला ओढून बाजूला करणार, असं वाटून मी पाठ ताठ केली.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मोठ्यान बोल गो,” ती म्हणाली. “त्याला कमी आयकू येता.”

मग मी ओरडले. आणि माझ्या कानाशी तिने, जिने जन्मभर ताट बडवलं तिने, नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. बांधावरून मारावी तशी. वॉर्डातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. डॉक्टर आत आले, आम्हाला बाहेर काढलं, तरी ती दारातून हाका मारत होती.

पोरीने त्या दिवशी दूध घेतलं नाही. ठाण्याला पोचल्यावरही कितीतरी दिवस नाही. ती राहिली ती नावाने की नळीने आणि औषधाने, मला माहीत नाही, आणि मी कुणाशी वादही घालत नाही.

आता ती अंगणभर पळते. माझ्या तोंडून ते नाव पुन्हा निघालं नाही, इथेही मला ते लिहवत नाही. मी तिला ‘बाय’ म्हणते. सासू मात्र दिवसभर नावाने हाका मारते, पार बांधापर्यंत ऐकू जाईल अशा, पोर तिच्या मांडीवर बसलेली असली तरी.